बावीस नंबरची गुंडाळी

३ मार्च

चि. मुंगीला मामाचा आशीर्वाद, आणि या खेपेस एक विनंतीही.

एरवी मी आधी इकडचं तिकडचं लिहितो आणि मग मुद्द्यावर येतो. आज तेवढा धीर नाही. मला भीती वाटते आहे, मुंगे. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं भाचीला असं लिहावं की नाही, माहीत नाही, पण दुसऱ्या कोणाला लिहू?

तुझी मामी स्टुलावरून पडली ते तुला कळलंच आहे. खुब्यात सळई घालून आठ दिवसांनी घरी आणली. सहा आठवडे पलंग सोडायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे. घराबाहेर हलवायचं म्हणजे चार माणसं, एक फळी आणि नशीब. सळई सरकली तर पुन्हा कापाकापी, आणि त्यातून ती उठेल याची हमी मी देणार नाही, असं ते तोंडावर म्हणाले. तेव्हापासून ती पुढच्या खोलीत उताणी पडून आहे. कुशीवर वळता येत नाही म्हणून केस विंचरायचा छोटा आरसा हातात धरते आणि दारातून कोण आलं, कोण गेलं ते त्यात बघते.

आता मुद्दा. तिच्या पलंगाच्या पायाशी फरशीला भेग पडली आहे. आधी केसाएवढी होती, आता तिच्यात पोस्टकार्ड उभं राहतं. रोज सकाळी जमिनीखालून घरघर येते. छापखान्यातल्या यंत्रांनी माझे कान केव्हाच खाल्ले, टेलिफोनवरचं ऐकू येत नाही म्हणून तर आपण पत्रं लिहितो. पण ही घरघर मला कळते, कारण ती तळपायाला लागते. शेजारच्या दुकानदाराचं मागचं अंगण गेल्या आठवड्यात हातभर खाली बसलं. नगरपालिकेचा इंजिनिअर येऊन गेला. उभ्या उभ्या पाहिलं, घर जुनं झालं की जरा बसतंच, तुम्हीही शांत बसा म्हणाला आणि गेला.

आमच्या गल्लीखालून जुनी चुनखडीची खाण गेली आहे हे सगळ्यांना माहीत आहे. नेमकी कुठून गेली आहे ते कोणालाच माहीत नाही. खाण बंद होऊन साठ वर्षं झाली, कंपनी बुडाली. पण तिचे नकाशे विद्यापीठाला दिले होते, असं आमच्या छापखान्याचे जुने मालक एकदा म्हणाल्याचं मला आठवतं. आणि तू त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात, नकाशांच्याच खोलीत नोकरीला. लहानपणी याच फरशीवर गाल टेकून तू मुंग्यांची रांग कुठून निघते ते शोधत बसायचीस. आता तसंच शोध.

मामीला मी यातलं काही बोललेलो नाही. घाबरेल बिचारी. तूही तिला काही लिहू नकोस.

तुझा मामा


९ मार्च

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच मिटून ठेवला. मामा, तुम्ही कधी घाबरत नाही. मी झाडावरून पडले तेव्हासुद्धा तुम्ही हसला होतात. म्हणून त्याच दुपारी कामाला लागले.

आमच्याकडे पस्तीस हजार नकाशे आहेत. लोकांना वाटतं, गावाचं नाव सांगितलं की नकाशा बाहेर येतो. तसं होत नाही. भिंतीवर चौकटींचा एक मोठा तक्ता आहे, त्यातली आपली चौकट शोधायची, तिचा आकडा घ्यायचा आणि त्या आकड्याचा ड्रॉवर उघडायचा. ते मी पहिल्याच दिवशी केलं. तुमचा डोंगर मिळाला, ओढा मिळाला, गल्लीच्या तोंडाचा दगडी हौदसुद्धा मिळाला. पण हे सरकारी नकाशे, जमिनीच्या वरचं तेवढं दाखवतात. खाली काय आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही.

मग कार्डांची कपाटं धरली. ‘खाण’खाली काही नाही, ‘चुना’खाली नाही, कंपनीच्या नावाखाली तर नाहीच. तीन दिवस गेले. शेवटी ‘भेट म्हणून आलेले’ या कप्प्यात एक पिवळं कार्ड सापडलं: गुंडाळ्या ३१, यादी केलेली नाही. म्हणजे आल्या दिवसापासून त्या कोणी उघडलेल्याच नाहीत. माळ्यावर होत्या, मी स्वतः खाली काढल्या.

आता त्या लगेच का उघडत नाही असं तुम्ही विचाराल. इतका जुना गुंडाळलेला कागद ओढून सरळ केला तर पापडासारखा मोडतो. तो दोन दिवस ओलसर हवेच्या पेटीत ठेवायचा, मऊ झाला की कडांवर वाळूच्या पिशव्या ठेवत ठेवत उलगडायचा. पेटीत एका वेळी चारच मावतात. शिवाय आमच्या खोलीच्या मोठ्या बाईंचा नियम आहे की गुंडाळी त्यांच्यासमोरच उघडायची. बाई फार कडक आहेत. त्यांना अजून मी कारण सांगितलेलं नाही. घरचं काम नोकरीच्या वेळेत करते आहे असं त्यांना वाटलं तर गुंडाळ्या परत माळ्यावर जातील.

तोवर तुम्ही एक करा. हौदाच्या कोपऱ्यापासून तुमच्या उंबऱ्यापर्यंत किती फूट आणि उंबऱ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत किती, ते मोजून कळवा. नकाशावर तुमचं घर नाही, ते मला बसवावं लागेल.

भेगेजवळ फार जाऊ नका.

तुमची मुंगी


१४ मार्च

चि. मुंगे,

हौदापासून उंबरा बेचाळीस फूट. उंबऱ्यापासून मागची भिंत एकतीस. त्यात पुढची खोली चौदा, मधला बोळ तीन, मागची खोली चौदा. दोरीनं मोजलं, दोनदा. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात चाळीस वर्षं गेली, एका केसाचा फरक डोळ्याला टोचायचा. मोजमापात मी चुकणार नाही.

भेगेवर मी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, जमीन हलली तर फाटतील म्हणून. पहिली चौथ्या दिवशी फाटली. दुसरी दुसऱ्या दिवशी. काल लावलेली आज सकाळी चहा होईपर्यंत फाटली होती. ती फाटलेली पट्टी हातात घेऊन मी किती वेळ बसलो होतो मलाच ठाऊक नाही.

मामीनं विचारलं, सारखे जमिनीवर रांगता का? उंदीर शोधतोय म्हणालो. मिळाला की मलाही दाखवा, म्हणाली.

समोरच्या शिवणवाल्या बाई कालच मुलीकडे राहायला गेल्या. मशीन नेलं, पडदेसुद्धा नेले. दुकानदार दुकान आवरतो आहे. सकाळी गल्लीतून चाललं की आपल्याच चपलांचा आवाज पायांना कळतो, इतकी ती रिकामी वाटते. आम्ही कुठे जाणार? इस्पितळात विचारून आलो, खाट रिकामी नाही, आणि घराला भेग पडली हा काही आजार नव्हे असं तिथल्या बाईंनी मला समजावलं.

घराबाहेर नेता येत नसलं तरी घरातल्या घरात पलंग सरकवता येईल. पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत, एवढंच. डॉक्टर म्हणाले, पलंगासकट उचललंत तर चालेल, पण एकदाच, सारखं नको. म्हणून मला एकच सांग. पुढची खोली की मागची? रोज सकाळी तिच्या पायाशी ती भेग बघायची आणि हसून चहा द्यायचा, हे आता माझ्याच्यानं होत नाही. लवकर सांग.

मामा


१९ मार्च

ती. मामा,

सापडलं. बावीस नंबरची गुंडाळी.

आधी पाचव्या गुंडाळीत जमिनीवरचा नकाशा मिळाला होता, कंपनीचा, मोठ्या प्रमाणाचा: एक इंच म्हणजे चाळीस फूट. त्यावर हौद आहे, म्हणून तुमच्या मापांनी घर बसवलं. ते नकाशाच्या अगदी मधोमध आलं. पण बोगदे त्यावर नव्हते. कोपऱ्यात नुसतं लिहिलं होतं, ‘खालचे काम जोडपत्रात’. ते जोडपत्र म्हणजे ही बावीस नंबरची गुंडाळी. पारदर्शक मेणकापडावर काढलेली, नुसत्या रेघा, नावं नाहीत, चार कोपऱ्यांत चार फुल्या. वरच्या नकाशालाही तशाच चार फुल्या आहेत. कापड नकाशावर पसरलं, फुलीवर फुली तंतोतंत बसली, आणि मामा, तुमच्या घराखालचा बोगदा मला दिसला.

बोगदा तुमच्या पुढच्या खोलीच्या बरोबर खालून, गल्लीला समांतर जातो. मागच्या खोलीखाली एकही रेघ नाही, अखंड खडक आहे. दुकानदाराचं अंगण मागच्या बाजूचं असून का बसलं, हा प्रश्न मला पडला होता, पण तिथे जुना शोषखड्डा वगैरे असेल. भेग पुढच्याच खोलीत आहे, तेव्हा शंका नको.

पलंग मागच्या खोलीत न्या. आजच न्या.

सोबत पातळ कागदावर गिरवून पाठवते आहे. रस्ता, हौद आणि घर यांची नावं माझ्या अक्षरात आहेत. खरं तर मूळ कागदावर दुसरा कागद ठेवून गिरवायची आम्हाला सक्त मनाई आहे. रीतसर प्रत मागवली तर समिती बसते आणि पंधरा दिवस जातात. आज मोठ्या बाई बैठकीला गेल्या होत्या, तेवढ्यात मी एकटीनंच कापड पसरलं, गिरवलं आणि त्या यायच्या आत गुंडाळून ठेवलं. अर्धा तास मिळाला. दारात कोणाचं पाऊल वाजलं की मी कापडावर दुसरा नकाशा ओढत होते.

एक राहिलं. बोगद्याच्या कडेला काहीतरी बारीक लिहिलेलं आहे. शिरोरेघ नाही, शाई पसरलेली, मला एक अक्षर लागेना. जसं दिसलं तसं गिरवलं आहे. तुम्ही तऱ्हेतऱ्हेचं हस्ताक्षर वाचून खिळे जुळवलेत, तुम्हाला लागलं तर बघा.

मामीला पलंग हलवायचं काय कारण सांगणार?

मुंगी


२४ मार्च

चि. मुंगीला मनापासून आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं आणि दोन तासांत पलंग हलला. दुकानदार, त्याचा भाऊ, नळवाला आणि मी. मामीला सांगितलं, पुढच्या खोलीला रंग द्यायचा आहे. माझ्याकडे टक लावून बघत राहिली. या वयात रंग, म्हणाली. उचलताना तिनं ओठ घट्ट दाबून धरले होते, पण सळईला धक्का लागला नाही.

मुंगे, त्या रात्री मी महिन्यानं झोपलो. सकाळी उठून पहिल्यांदा काय वाटलं असेल तर लाज, की पलंग उचलायला आलेल्या दुकानदाराला, नळवाल्याला मी खाणीचं काही सांगितलंच नाही. तुझा कागद दुकानदाराला दाखवला. त्याचंही घर आमच्याच ओळीत. त्यानंही मुलाबाळांच्या गाद्या मागच्या खोलीत नेल्या. तुझ्या एका कागदानं दोन घरं झोपली बघ.

आता तुझं ते न लागणारं अक्षर. अगं, एवढी शिकलीस आणि एवढं वाचता येईना? मी पाकीट फोडलं आणि उभ्या उभ्या वाचलं. सरळ लिहिलंय, ‘छत कच्चे’. कोणा कारकुनाचं घाईतलं अक्षर आहे, ‘च्चे’ची मात्रा लांब ओढली आहे, बाकी अगदी स्वच्छ. छापखान्याच्या डोळ्याला कसली अडचण! तुझ्या मोठ्या बाईंना सांग, एखादी खुर्ची रिकामी झाली तर म्हाताऱ्याला बोलवा.

अर्थ मात्र मागाहून ध्यानात आला. छत कच्चे, आणि त्या छतावर तीन आठवडे तिचा पलंग होता. आता तिथे मी पाऊलही टाकत नाही, बोळाच्या बाजूच्या दारानंच ये-जा करतो.

मागच्या खोलीत फळीवर दुधाचं पातेलं असतं. दोन दिवस झाले, सकाळी त्याचं झाकण थरथरतं. मागच्या रस्त्यानं ट्रक जातात, त्याचंच असेल. खडकावर आहोत म्हटल्यावर मी आता तिकडे लक्ष देत नाही.

मामा


२८ मार्च, गुरुवार, सकाळ

मामा, हे पत्र वाचायला उभे आहात तिथे बसू नका. आधी मामीला त्या खोलीतून बाहेर काढा. मग वाचा.

तुमचं पत्र आत्ता आलं. ‘छत कच्चे’ वाचून मी आधी हसले. मग माझ्याकडे ठेवलेली दुसरी प्रत काढून अक्षरं लावायला बसले, कुठे ‘छ’ आहे ते बघू म्हणून. लागेना. तुम्हाला उभ्या उभ्या लागलं आणि मला अजून लागेना. ती लांब ओढलेली मात्रा मला डावीकडे दिसत होती. शब्दाच्या शेवटी असायला हवी ती मात्रा सुरुवातीला कशी? तेव्हा कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरला. पाठीमागून स्वच्छ दिसलं: छत कच्चे.

मी कापड पालथं पसरलं होतं, मामा.

धावत जाऊन मोठ्या बाईंना सगळं सांगितलं, चोरून गिरवल्याचंही. त्यांनी लगेच मेणकापड काढलं, माझं बोट धरून आधी एका बाजूवर फिरवलं, मग दुसऱ्या. एक बाजू गुळगुळीत, एक खरखरीत. शाई नेहमी खरखरीत बाजूला असते, ती वर ठेवायची, म्हणाल्या. हे त्यांनी मला अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. मी त्यांना विचारलंच नव्हतं. आणि फुल्यांचं काय, त्या उलट्या ठेवल्या काय, सुलट्या ठेवल्या काय, सारख्याच बसतात.

आम्ही कापड सुलटं ठेवून पाहिलं. घर नकाशाच्या मधोमध आहे, म्हणून डाव्याचं नेमकं उजवं झालं, आणि तुमच्या घरात पुढचं ते मागचं. बोगदा पुढच्या खोलीखाली नाही. मागच्या खोलीखाली आहे. पुढे तो दुकानदाराच्या मागच्या खोलीखालून त्याच्या त्या अंगणात जातो. कच्चं छत आहे ते मामीच्या पलंगाखाली. मी सांगून तिला तिथे नेलं.

मी चुकून अक्षर पाठमोरं पाठवलं आणि नेमकं तुम्हाला पाठवलं. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटं असतं आणि छापल्यावर सुलटं होतं, तुमची चाळीस वर्षं ही दोन्ही एकाच नजरेनं वाचण्यात गेली. दुसरा कोणीही असता तर म्हणाला असता, हे उलटं आहे. तुम्हाला ते सरळ दिसलं.

दुकानदाराला फोन लावला, वाजत राहतो. शिवणवाल्या बाईंकडे लावला, त्या नाहीतच. नगरपालिकेत लावला, तिथल्या कारकुनानं निरोप लिहून घेतला, इंजिनिअरसाहेब दौऱ्यावर आहेत, सोमवारी आले की देतो म्हणाला. मी ओरडले तर त्यानं फोन ठेवला. मोठ्या बाई स्वतः कुलगुरूंच्या कचेरीत गेल्या आहेत, तिथून वर कोणाला तरी सांगायला. तुमच्या गावाची बस आता थेट सोमवारी. टपालाची गाडी आज दुपारी सुटते, जलद टपाल शनिवारी पोचतं. म्हणून हे लिहिते आहे. आज गुरुवार. मध्ये शुक्रवार आहे.

झाकण ट्रकनं थरथरत नाही, मामा. सळई सरकली तर सरकू दे. पुन्हा कापायला लागलं तर कापतील. तिला बाहेर काढा.

सोमवारच्या बसनं मी निघते आहे. तोपर्यंत मला एक ओळ पाठवा, एकच. मला दुसरं काही सुचत नाही.

मुंगी


३० मार्च, शनिवार

मुंगे,

आधी तुला हवी ती एक ओळ: मामी जिवंत आहे, मी जिवंत आहे, दुकानदाराचं सगळं घर जिवंत आहे. आता श्वास घे.

तुझं पत्र अकराला मिळालं. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या दोरापर्यंत गेला, तिथून परत फिरला आणि विचारत विचारत लाकडाच्या वखारीत आला. आम्ही सध्या तिथे आहोत. बसचा ड्रायव्हर नळवाल्याचा मेहुणा आहे. आज गाडी घेऊन तुमच्या शहरात परत येतो आहे, सोमवारी तू बसमध्ये चढायच्या आधी हे पत्र तुझ्या हातात देईन म्हणाला.

झालं ते असं. बुधवारी दुपारी मी पलंगाशी वाकून मामीची उशी नीट करत होतो, तेव्हा सदऱ्याच्या खिशातून तुझा कागद तिच्या अंगावर पडला. मी झडप घालायच्या आत तिनं तो उचलला. बघितला. म्हणाली, “हे पाठमोरं अक्षर अजून कोणाला लिहिता?”

मला कळेना. मग तिनं आठवण करून दिली. लग्नानंतर घरात माणसं फार, बोलायला कोपरा नाही. तेव्हा मी तिला उलट्या अक्षरांत चिठ्ठ्या लिहायचो, कोणाच्या हाती पडली तरी लागू नये म्हणून, आणि ती केस विंचरायचं निमित्त करून आरशात वाचायची. मी विसरलो होतो. ती नव्हती विसरली. मी म्हणालो, अगं हे उलटं नाही, सरळ आहे. तिनं तो छोटा आरसा कागदासमोर धरला आणि त्यातलं मोठ्यानं वाचलं: छत कच्चे. मग कागद खाली ठेवून मला विचारलं, “कुठलं छत?”

मी तिथेच फरशीवर बसलो. सगळं सांगितलं, भेग, पट्ट्या, खाण, तू. सांगता सांगता माझं मलाच कळत गेलं की अक्षर उलटं तर रेघही उलटी. पायाखाली घरघर होती आणि आपण तिला ट्रक म्हणत होतो.

उद्या सकाळी माणसं जमवतो म्हणालो. ती म्हणाली, उद्या नाही, आत्ता. मागच्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढलं, त्यावर तिला घेतली. दुकानदार, भाऊ, नळवाला, मी. दारावर पडल्या पडल्या ती दुकानदाराला ओरडून सांगत होती, आधी तुझी मुलं काढ, मग मला उचल. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तिनं माझं मनगट असं धरलं होतं की अजून वळ आहे.

गुरुवारी सकाळी दहाला मागची खोली गेली. तू तुझं पत्र लिहीत होतीस त्याच सकाळी. मी हौदापाशी उभा होतो. आवाज मला आला नाही, फक्त पायांना कळलं, आणि मग छपरावरून धूळ उठली. पलंग, फळी, पातेलं, सगळं खाली. दुकानदाराची मागची खोली अर्धी गेली. पुढची खोली भेगेसकट उभी आहे. दुपारी वरून फोन आला म्हणे, तुझ्या मोठ्या बाईंनी हलवलेली साखळी असेल. दौऱ्यावरचा इंजिनिअर संध्याकाळी हजर. भेग पडते ती जमीन धरून राहते, खचते ती शेजारची, असं त्यानं मला आता समजावलं. त्याच्याशी भांडायचं त्राण नव्हतं.

डॉक्टर येऊन गेले. सळई जागेवर आहे.

तुझ्यावर राग नाही. तू कापड पालथं घातलंस, मी पालथं वाचलं, हिशेब सारखाच आहे. पण आता कागद हातात घेतला की मी तो आधी उलटसुलट करून बघतो. तुझं हे पत्रसुद्धा आधी तिला वाचायला दिलं, सरळ आहे ना म्हणून. माझ्या डोळ्यांवरचा विश्वास त्या खोलीबरोबर खाली गेला, मुंगे.

खाली तिला दोन ओळी लिहायच्या आहेत. फळीवर कागद धरून देतो.

मामा


मुंगे,

तू ये. रडत येऊ नकोस, मला हसलं की खुबा दुखतो आणि तू रडताना मला हसू येतं. मोठ्या बाईंना माझा नमस्कार सांग, आणि नोकरी ठेवली आहे की घालवली तेही येऊन सांग.

उंदीर शोधणारा माणूस जमिनीला कागदाच्या पट्ट्या चिकटवत नाही, एवढं मला आरशात दिसत होतं. पट्टी फाटलेली सकाळी त्यांच्या आधी मीच बघायचे. पण ते काही बोलत नव्हते, म्हणून मीही बोलले नाही.

मला भीती वाटेल म्हणून तुम्ही दोघांनी मला सांगितलं नाहीत. भीती मला पहिल्या दिवसापासून वाटतच होती. फक्त एकटीला वाटत होती.

मामी